ग्रीन टी उकळायचा नसतो, आणि तो फोटो गवती चहाचा आहे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

लग्न होऊन नागपुरात आले तेव्हापासून मी तुमचा पेपर वाचून राहिले, धरा पस्तीसेक वर्षं झाली, आणि आजपर्यंत कधी पत्र पाठवलं नाही, शब्दकोड्याचं उत्तर चुकीचं छापलं होतं तेव्हाही नाही. पण मागच्या रविवारच्या पुरवणीत ग्रीन टीवर जो अर्ध्या पानाचा लेख आला तो वाचून राहवलंच नाही. म्हणे पाण्यात ग्रीन टी टाकून पाच-सात मिनिटं चांगला उकळा, उपाशीपोटी प्या, महिनाभरात पोट कमी. आणि वर फोटो कशाचा, तर गवती चहाचा! लांब लांब पाती, खाली पांढरट बुडखा, जुडीला रबर लावलेला, अशी जुडी आमच्या गोकुळपेठच्या बाजारात भाजीवालीकडे सांभार-पुदिन्याच्या बाजूलाच पडलेली असते.

तसं यात एकट्या तुमचं काही नाही म्हणा. आपल्याकडे गवती चहाला कितीतरी जणं हिरवा चहाच म्हणतात, माझी आई पण म्हणायची, त्यामुळे घोळ होतो. पण गवती चहा म्हणजे गवत, ज्वारी आणि ऊस ज्या खानदानातले त्याच खानदानातलं, खऱ्या चहाशी त्याचं काही नातंगोतं नाही आणि त्यात कॅफिनही नसतं. सर्दीत तो आलं टाकून उकळा, मस्त लागतो, माझी काही तक्रार नाही. ग्रीन टी मात्र खरा चहा आहे. आपल्या डब्यातली जी काळी दाणेदार पत्ती असते ना, ती आणि ग्रीन टी एकाच झुडपाची, झुडपाचं शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. लोकांना वाटतं हिरव्या चहाचं झाड वेगळं असेल. नाही हो. झाड तेच, पान तेच, तोडल्यानंतर त्याचं काय करता यावर सगळं.

मी शाळेत विज्ञान शिकवायची तर मला हे समजवायला वांगंच आठवतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण ते पाण्यात टाकतो. आलूचं पण तेच. चिरल्यावर आतल्या रसाला हवा लागते आणि त्यातलं एक एन्झाइम काम चालू करतं. चहाच्या पानाचं अगदी हेच होतं, पान सुकवलं, कुस्करलं, हवेत ठेवलं की ते तांबूस-काळं पडतं आणि आपला नेहमीचा चहा तयार होतो. ग्रीन टीत काय करतात, तर पान तोडलं की लवकरच त्याला गरमी देतात, म्हणजे ते एन्झाइम बंद पडतं आणि पान हिरवंच राहतं. चीनमध्ये बहुतेक ठिकाणी मोठ्या कढईत हाताने परततात, जपानमध्ये वाफ देतात. चवीत जो फरक पडतो तो इथेच पडतो, परतलेल्या चहाला थोडा भाजल्यासारखा खमंगपणा येतो आणि वाफवलेला असला की भाजीसारखा, कोवळ्या वाटाण्यासारखा वास येतो. आपल्याकडच्या पत्तीचा जो दाणा असतो तो सीटीसी मशीनचा, पान चिरडून, फाडून, गोळी करून बनवलेला, आणि तो बनलाच आहे उकळायला, दूध-साखर पेलायला. ग्रीन टीला तोच न्याय लावला की संपलं.

आता मी स्वतः काय केलं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई फार शहाण्या. माझा भाचा दोन वर्षं जपानमध्ये नोकरीला होता. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा माझ्यासाठी एक चपटं चांदीच्या रंगाचं पाकीट घेऊन आला, म्हणाला आत्या, हा सेंचा आहे, तिथला रोजचा चहा, चांगला आहे, जपून वापर. मी जपूनच वापरला. दुसऱ्या दिवशी सकाळी गंजात दोन कप पाणी, त्यात दोन चमचे ती पत्ती, आलं ठेचून, आणि दिला उकळी येऊ. घरभर पालक उकडल्याचा वास. रंग आला गढूळ पिवळा, मग तपकिरी. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, "काऊन, मलेरिया झाला का मला?" त्यांच्या लहानपणी चिरायत्याचा काढा द्यायचे म्हणे, तो आठवला त्यांना. पाकीट वरच्या फळीवर गेलं, हिंगाच्या डबीच्या बाजूला, आणि तिथेच आठ महिने राहिलं.

भाचा परत आला, पाकीट पाहिलं, हुंगलं, आणि काही बोलला नाही, पण चेहरा पाहून मला कळलं. चहाची पत्ती आजूबाजूचा वास ओढून घेते, माझ्या सेंचाला चक्क हिंगाचा वास येत होता. तो नवीन पाकीट घेऊन आला होता म्हणून बरं. त्याने मला ओट्याजवळ उभं केलं आणि जे करून दाखवलं ते मी तुमच्या वाचकांना सांगते, कारण तुमच्या लेखात नेमकं हेच नव्हतं.

पाणी उकळलं. गॅस बंद. ते पाणी त्याने आधी एका रिकाम्या कपात ओतलं, मग दुसऱ्या कपात, मग तिसऱ्या. मी म्हटलं हे काय खेळून राहिला तू. तर म्हणे, दर वेळी भांडं बदललं की पाणी साधारण दहा डिग्रीने उतरतं, दोन-तीनदा बदललं की सत्तर-पंचाहत्तरवर येतं, थर्मामीटर लागत नाही. मग गाळणी असलेल्या छोट्या किटलीत एक सपाट छोटा चमचा पत्ती, म्हणजे दोनेक ग्रॅम, आणि त्यावर एक कप पाणी, दीडशे मिली पकडा. पत्ती पाहिली तर सुयांसारखी, काळपट हिरवी, चमकदार. पाणी पडलं आणि त्या सुया हळूहळू मऊ होऊन उलगडायला लागल्या, पानाचे तुकडे, कोवळे देठ सगळं दिसायला लागलं, जसं काही आत्ताच तोडून आणलंय. एक मिनिट. फक्त एक मिनिट, घड्याळ लावून. मग शेवटच्या थेंबापर्यंत कपात ओतायचं, कारण किटलीत पाणी राहिलं तर पत्ती त्यात भिजत राहते आणि पुढचा कप कडू होतो. रंग मुगाच्या डाळीच्या वरच्या पाण्यासारखा. आणि चव, काय सांगू, आधी गोडसर, मग जिभेच्या मागे थोडंसं तुरट, आणि घोट गेल्यावर पण तोंडात काहीतरी राहतं, ते बराच वेळ जात नाही. कडू नाहीच. ह्यांनी पण प्यायला. काही बोलले नाहीत, कप पुढे केला.

दुसरा कप त्याच पत्तीचा! हे मला फार आवडलं. पानं आधीच उघडलेली असतात म्हणून दुसऱ्यांदा वीस-तीस सेकंदच ठेवायचं, तिसऱ्यांदा पाणी थोडं जास्त गरम आणि वेळ पण थोडा जास्त. एका चमच्यात तीन कप, म्हणजे महाग पाकीट पण तसं महाग पडत नाही. टी-बॅगमध्ये हे जमत नाही बरं, बऱ्याच बॅगांमध्ये पत्तीचा चुरा असतो, एका पाण्यात सगळं सोडून मोकळा. टी-बॅग वाईट असते असं नाही, प्रवासात मी पण नेते, पण ऑफिसात आणि लग्नात जे चालतं ना, खळखळत्या पाण्याचा कागदी कप आणि त्यात बॅग तरंगतेय अर्धा तास, दोरी बाहेर लटकलेली, माणूस गप्पा मारून राहिला, ते पिऊनच लोक म्हणतात ग्रीन टी म्हणजे शिक्षा. बॅग दोन मिनिटांत काढा हो. आणि पिळू नका, पिळली की सगळा तुरटपणा उतरतो.

कडू का होतो ते पण सांगून टाकते. पानातले जे कॅटेचिन म्हणतात, तुरट-कडू लागणारे, ते गरम पाण्यात भराभर उतरतात आणि कॅफिनचं पण तसंच. गोडसर चव ज्याच्यामुळे येते ते थिअनिन मात्र कोमट पाण्यात पण छान उतरतं. म्हणून पाणी थंड केलं की गोडवा पुढे आणि कडूपणा मागे. सगळं गणित एवढंच. आपला भारतीय किंवा चिनी ग्रीन टी असेल तर ऐंशी डिग्री आणि दोन-तीन मिनिटं चालतात, एवढं नाजूक प्रकरण नसतं ते.

हो, आपला भारतीय म्हटलं मी. लोकांना वाटतं ग्रीन टी म्हणजे जपान नाहीतर चीन. आम्ही निवृत्तीनंतर ग्रुप टूरने हिमाचलातल्या धर्मशाळेला गेलो होतो तेव्हा पालमपूरला चहाचे मळे पाहिले. कांगडा चहा. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिथे चिनी जातीची झाडं लावली, चहा नावारूपाला आला, आणि १९०५ च्या एप्रिलमध्ये कांगड्याला जो प्रचंड भूकंप झाला त्यात माणसं तर हजारोंनी गेलीच, चहाचे कारखानेही पडले, बरेच इंग्रज मळेवाले मळे विकून निघून गेले. तरी हा चहा टिकला, तिथला ग्रीन टी अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत काश्मीर-काबूलकडे जायचा. २००५ साली त्याला जीआय टॅग मिळाला, म्हणजे आपल्या नागपुरी संत्र्याच्या नऊ वर्षं आधी. मी शंभर ग्रॅम आणला होता, पान मोठं, गुंडाळलेलं, चवीला हलका, आणि पाणी थोडं जास्त गरम झालं तरी माफ करतो. नवीन माणसाने सुरुवात याच्यापासून करावी असं माझं मत. दार्जिलिंग आणि निलगिरीचा पण ग्रीन टी मिळतो.

आणि उकळण्याविरुद्ध मी एवढं बोलून राहिले तर कोणी काश्मिरी वाचक म्हणेल, आमचा नून चाय काय मग? बरोबर आहे. तो ग्रीन टीच्याच पत्तीचा असतो आणि सोडा टाकून चांगला खूप वेळ उकळतात, मग दूध-मीठ टाकलं की गुलाबी होतो. पण ती पद्धतच वेगळी, पत्तीही त्या चहासाठीचीच. त्यांचा कहवा पण ग्रीन टीचा, केशर, वेलची, दालचिनी, वर बदामाचे काप. मोरोक्कोत तर गनपावडर नावाचा चिनी ग्रीन टी, गोळ्या गोळ्या असतात म्हणून ते नाव, त्यात मूठभर पुदिना आणि भरपूर साखर टाकून पितात आणि उंचावरून ग्लासात ओततात, आपल्या टपरीवाल्यासारखं. म्हणजे ग्रीन टी बिनसाखरेचाच प्यायचा असा कुठे कायदा नाही. लिंबू पिळा, मध टाका, तुमचा कप. फक्त साधं दूध टाकू नका, एकदा टाकून पाहिलं मी, फिक्कट मळकट पाणी झालं, चहा राहिला नाही आणि दूध पण राहिलं नाही.

ज्यांना तो गवताळ वास आवडत नाही त्यांच्यासाठी जपानी लोकांनी गेनमाइचा केलाय, ग्रीन टीत भाजलेला तांदूळ मिसळलेला, काही दाणे लाहीसारखे फुललेले असतात. आमच्या भिशीत केला तर सगळ्या म्हणाल्या हुरड्याचा वास येतो! खरंच येतो. आणि होजिचा म्हणजे पत्ती नंतर भाजलेली, रंगाने तपकिरी, तिचा वास इतवारीत फुटाण्याच्या भट्टीजवळून जाताना येतो तसा. त्यात कॅफिन कमी असतं म्हणून संध्याकाळी बरा. माचा मात्र मला काही झेपला नाही. सावलीत वाढवलेल्या पानांची बारीक भुकटी, ती गाळायचीच नाही, पाण्यात घुसळून पानासकट प्यायची, बांबूची रवी पण वेगळी घ्यावी लागते. भाचा म्हणतो तुला सवय नाही. असेल.

नागपूरकरांना दोन गोष्टी वेगळ्या सांगते. एक, पाणी. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, गिझरमध्ये आणि किटलीच्या बुडाशी पांढरा थर जमतो, त्यांनी त्या पाण्यात ग्रीन टी करूच नये, जड पाण्यात रंग मळकट येतो, वर पातळ साय आल्यासारखं दिसतं आणि चव बसून जाते. नळाचं, म्हणजे पेंच धरणाचं पाणी साधं फिल्टर केलेलं चांगलं लागतं, मी दोन्ही बाजूबाजूला करून पाहिलंय. दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. पत्ती गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी असते, महिनाभरात पत्ती पिवळी आणि वास गायब. छोटा स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा, अंधारात, मसाल्यांपासून लांब. आणि एकदम अर्धा किलो आणायचाच नाही, पन्नास ग्रॅम आणावा, संपला की पुन्हा.

उन्हाळ्याचंच निघालं तर हे नक्की करून पहा. रात्री झोपताना काचेच्या बाटलीत एक लिटर पिण्याचं थंड पाणी, त्यात दहा ग्रॅम ग्रीन टी, फ्रीजमध्ये ठेवून द्या. गरम करायचंच नाही. सकाळी गाळून घ्या. थंड पाण्यात कडूपणा उतरतच नाही फारसा, जे येतं ते एकदम गोडसर, हलकं. मी त्यात संत्र्याच्या वाळलेल्या सालीचा एक तुकडा टाकते. मृग बहाराची संत्री मार्च-एप्रिलपर्यंत येतात ना, तेव्हाच साली आतला पांढरा भाग खरवडून सावलीत वाळवून ठेवते, अर्ध्या उटण्यात जातात, अर्ध्या यात. पंचेचाळीसच्या वर पारा, कुलरचं पाणी संपलेलं, लाईट गेलेली, अशा दुपारी हा एक ग्लास म्हणजे, पन्ह्याच्या खालोखाल म्हणते, पन्ह्याच्या वर नाही, तेवढी बेइमान नाही मी.

आता वजनाचं. तुमच्या लेखाचं सगळं ओझं त्यावरच होतं. संपादक साहेब, २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने यावर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले होते, आणि वजन थोडंसं कमी होतं पण ते इतकं कमी की त्याला काही अर्थ नाही असंच निघालं. आमच्या भिशीतली एक मैत्रीण सकाळी तर्री-पोहे, वर दोन आलूबोंडे, आणि मग ग्रीन टी, म्हणे बॅलन्स होतं. कसलं बॅलन्स! दूध-साखरेच्या चार कपांऐवजी हा घेतला तर ती साखर वाचते, तेवढा फायदा मात्र खरा आहे. आणि ते वजन घटवायच्या ग्रीन टी अर्काच्या गोळ्या मिळतात त्यापासून जरा सांभाळून. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की अशा गोळ्यांमधून ईजीसीजी नावाचं कॅटेचिन रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेलं तर लिव्हरवर ताण दिसू शकतो. कपातल्या चहाबद्दल त्यांनी घाबरवलेलं नाही, गोळी आणि कप वेगळे.

उपाशीपोटी तर लिहायलाच नको होतं. कितीतरी जणांना रिकाम्या पोटी मळमळतं, मला स्वतःला होतं. आणि जेवणासोबत पण नको, विशेषतः बायांनी, कारण आपल्या डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीरात शिरायला चहा आडवा येतो, साधा असो का ग्रीन. ज्यांचं हिमोग्लोबिन आधीच कमी, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जेवणाच्या आणि गोळीच्या मागेपुढे तास-दीड तास सोडूनच प्यावा. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या असतील तर डॉक्टरला विचारावं. आणि एक, यात कॅफिन असतं! कॉफीपेक्षा कमी, पण असतं. आमच्या शेजारच्या काकू हर्बल आहे हर्बल आहे म्हणून रात्री साडेदहाला मोठा मग प्यायच्या आणि सकाळी म्हणायच्या वयामुळे झोप येत नाही. मी दुपारी चारनंतर बंद करायला सांगितला, आता झोपतात, उलट सकाळची फिरायची वेळ चुकते त्यांची.

सकाळचा पहिला कप माझा अजूनही दुधाचाच असतो, आलं टाकून, चांगला उकळून, ते काही मी सोडणार नाही. हा अकरा वाजताचा. पेपर तेव्हाच वाचते, म्हणूनच तुमचा लेख कप हातात असताना वाचला आणि कप थंड झाला.

तर येत्या रविवारी जमलं तर दोन ओळींची दुरुस्ती छापा, उकळायचं वाक्य आणि उपाशीपोटीचं वाक्य. आणि फोटो बदला हो. गवती चहाचा ठेवायचाच असेल तर खाली तसं लिहा, सर्दीचे दिवस येऊनच राहिलेत.

आपली एक जुनी वाचक,
प्रतापनगर, नागपूर